वस्तऱ्याच्या धारेसाठी लेप निवडताना

केशकर्तनालयांत आज जो वस्तरा दिसतो, तो बहुतेक ठिकाणी अर्धे ब्लेड अडकवण्याची मूठच असते. गिऱ्हाईक बदलले की ब्लेड बदलते. त्यामुळे वस्तरा परजणे हा शब्दप्रयोग त्या दुकानांतून जवळजवळ हद्दपार झाला आहे, आणि आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. अखंड पोलादी पात्याचा वस्तरा मात्र हौशी मंडळींच्या घरांत पुन्हा डोके वर काढतो आहे. कोणाला आजोबांच्या ट्रंकेत झोलिंगन किंवा शेफील्डचा शिक्का असलेले पाते सापडते, कोणी नवा वस्तरा मागवतो. त्यासोबत चामड्याचा पट्टा येतो आणि पट्ट्यासोबत हिरव्या, लाल, काळ्या, पांढऱ्या लेपाच्या वड्या किंवा नळ्या. यांतील कोणता लेप घ्यावा, किती वापरावा आणि मुळात वापरावा का, हे ठरवताना चूक झाली तर तिची भरपाई गालाच्या कातडीला आणि कधी कधी पुन्हा न मिळणाऱ्या पात्याला करावी लागते.

निवडीपूर्वी एक भेद स्पष्ट असायला हवा. कोऱ्या चामड्यावर वस्तरा परजणे आणि लेप लावलेल्या पट्ट्यावर तो फिरवणे या दिसायला सारख्या, पण स्वभावाने वेगळ्या क्रिया आहेत. कोरे चामडे धातू फारसा काढत नाही. ते धारेच्या टोकाला लागलेला मळ, ओलावा व गंजाची सूक्ष्म पुटे पुसते आणि टोक नीट करते. म्हणून ते दररोज, प्रत्येक दाढीपूर्वी चालते. लेपात मात्र घर्षक, म्हणजे पोलाद खरवडणारे कण असतात. लेप लावलेला पट्टा हा खरे तर मऊ पृष्ठभागाचा धार लावण्याचा दगडच होय. त्याची गणना दगडांच्या मालिकेत, सर्वांत शेवटच्या पायरीवर करावी. रोजच्या पट्ट्याला लेप फासण्याची जी सर्रास चूक होते, तिचे मूळ हा भेद न कळण्यात आहे.

आयोवा स्टेट विद्यापीठातील धातुशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक जॉन व्हेरहोवन यांनी २००४ साली चाकूच्या धारेवरील आपल्या प्रयोगांचा अहवाल प्रसिद्ध केला. धार लावण्याच्या प्रत्येक टप्प्यानंतर त्यांनी ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. दगडावर धार लावताना टोकाशी धातूचा जो पातळ, मुडपलेला पापुद्रा उरतो, कारखान्यातील फिटर ज्याला ‘बर’ म्हणतात, तो कोऱ्या चामड्याने फारसा हलत नाही, असे त्यांना आढळले. क्रोमियम ऑक्साइडचा लेप लावलेल्या चामड्याने मात्र तो निघाला आणि धार गुळगुळीत झाली. दख्खनच्या भट्ट्यांतून परदेशी जाणाऱ्या वुट्झ पोलादाच्या अभ्यासकांत या व्हेरहोवन यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते, हे जाता जाता नोंदवण्याजोगे.

धार झिजते कशी

दाढीचा केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ. तरी तो धार बिघडवतो. याचे उत्तर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जानलुका रोशोली, ताहेरी-मूसवी आणि जेम तासान यांनी ऑगस्ट २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दिले. केसाहून सुमारे पन्नास पट कठीण असलेले पोलादही दाढी करताना कडेला सूक्ष्म टवके उडून खराब होते. केस पात्याला तिरका भिडला आणि नेमका पोलादाच्या अंतर्रचनेतील कठीण व मऊ भागांच्या सीमेवर लागला, तर तेथे टवका उडतो. हा अभ्यास फेकून देण्याच्या ब्लेडांवर झाला असला, तरी केस आणि पोलाद यांचे नाते वस्तऱ्यातही तेच आहे. समुद्रकाठच्या दमट हवेत त्यात गंजाची भर पडते. कार्बन पोलादाचे पाते ओले राहिले तर धारेचे टोक एका रात्रीतही बोथटते.

यावरून लेपाची मर्यादा कळते. उडालेला टवका सरळ करता येत नाही. त्याच्या तळापर्यंतचा धातू घासून काढावा लागतो. टवका अगदी लहान असेल तर बारीक लेपाचे काही फटके पुरतात. डोळ्यांना किंवा सोनाराच्या भिंगाला दिसेल एवढा खाच असेल, तर कोणताही लेप उपयोगाचा नाही. तेथे दगडच हवा. ट्रंकेत पन्नास वर्षे पडून राहिलेल्या वस्तऱ्याला पेस्ट लावून दाढी करू पाहणाऱ्याची निराशा होते ती याच कारणाने.

लेपाचा दुसरा परिणाम भूमितीचा आहे. वस्तऱ्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात, त्यामुळे धारेचा कोन पाठच ठरवते. पाते २० मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेपाच मिलिमीटर जाड असेल, तर हा कोन सुमारे १६ अंश येतो. दगड सपाट व कठीण असतो, म्हणून उतार सपाट राहतो. चामडे मात्र दाबाखाली किंचित खचते आणि धारेच्या पुढे पुन्हा वर उठते. घर्षक कण त्या उठावावर बसलेले असतील तर ते टोकालाच अधिक खातात. थोड्या फटक्यांत याचा फायदा होतो, कारण टोक जरा भक्कम व मुलायम बनते. पण महिनोन्महिने हाच प्रकार चालला की उतार गोलावतो, कोन वाढतो आणि वस्तरा केस कापण्याऐवजी ओढू लागतो. मग आणखी लेप, आणखी फटके. बिघाड वाढतच जातो. दहा-बारा वेळा लेपाने धार ताजी केल्यानंतर एकदा दगडावर उतार पुन्हा सपाट करून घेणे हिताचे.

रंग आणि कण

लेप रंगाने ओळखण्याची सवय घातक आहे, कारण रंगाचे प्रमाण कोणी ठरवून दिलेले नाही. हिरवी वडी शुद्ध क्रोमियम ऑक्साइडची असू शकते. तीच यंत्रावर स्टेनलेस स्टील चकाकवण्यासाठी बनवलेली असेल, तर तिच्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे मोठे कण मिसळलेले असू शकतात. वस्तऱ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या जर्मन लेपांत काळा हा लालपेक्षा बारीक मानतात; हार्डवेअरच्या दुकानातली काळी वडी मात्र बहुधा एमरीची, म्हणजे चांगलीच भरड असते. पांढऱ्याचेही तसेच: पॉलिशच्या धंद्यात पांढरा म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, आणि वस्तऱ्याच्या कापडी पट्ट्यासाठी मिळणारा पांढरा लेप म्हणजे खडूच्या जातीचा मऊ पदार्थ. पिवळ्या नळीत तर पुष्कळदा घर्षक नसतोच. ते चामडे मऊ ठेवण्याचे मलम असते. तेव्हा वेष्टनावर पदार्थाचे नाव आणि कणाचा आकार मायक्रॉनमध्ये दिलेला नसेल, तर तो लेप वस्तऱ्यासाठी घेऊच नये.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ८००० क्रमांकाच्या जपानी दगडातील कण साधारण एक ते दोन मायक्रॉनचे असतात. वस्तरा या दगडावरून उतरला असेल, तर पुढची पायरी अर्ध्या मायक्रॉनची असणे स्वाभाविक. १२००० क्रमांकाच्या दगडावरून उतरलेल्या पात्याला तीन-चार मायक्रॉनचा लाल लेप लावणे म्हणजे वर चढलेला जिना पुन्हा उतरणे होय. त्यातही कण चामड्यात रुतलेला असल्याने तो दगडातील तेवढ्याच कणापेक्षा उथळ ओरखडा काढतो, म्हणून आकडे जुळवताना फार काटेकोर होण्याचे कारण नाही. काटेकोर असावे ते कणांच्या एकसारखेपणाबाबत. वेष्टनावरचा अर्धा मायक्रॉन हा सरासरीचा आकडा असतो. त्या चिमटीत पाच मायक्रॉनचे चार कण आले तर धारेवर चार ओरखडे उठतात आणि ते पहिल्याच दाढीत हनुवटीला कळतात.

पदार्थांत पहिला मान क्रोमियम ऑक्साइडचा. मोहसच्या काठिण्यश्रेणीत तो साडेआठच्या आसपास, म्हणजे वस्तऱ्याच्या पोलादाहून निश्चित कठीण, पण हिऱ्याइतका आक्रमक नव्हे. अर्ध्या मायक्रॉनचा वर्गीकृत क्रोमियम ऑक्साइड हा नवशिक्याने घेण्याजोगा एकच लेप आहे असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. त्याने धार चटकन तीक्ष्ण होते, फटके मोजून मारले तर उताराला इजा होत नाही, आणि तो स्वस्त आहे. त्याच्या विषारीपणाबद्दल गैरसमज आढळतो. हा त्रिसंयुजी क्रोमियमचा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ. सौंदर्यप्रसाधनांतही हिरव्या रंगासाठी तो वापरतात. त्वचेला घातक ठरतात ती षट्संयुजी क्रोमियमची संयुगे. मात्र हे रंगद्रव्य सोडियम डायक्रोमेटपासून बनवतात, आणि ते नीट धुतलेले नसेल तर त्यात त्या संयुगांचा अंश उरू शकतो. रंगाच्या दुकानातून सुटी हिरवी पूड आणण्यापेक्षा नाव-आकार छापलेली वडी घ्यावी, याचे हे दुसरे कारण. पूडच वापरायची असेल तर ती हवेत उडू देऊ नये. कोणतीही बारीक धूळ फुप्फुसासाठी वाईटच.

लोह ऑक्साइड, म्हणजे सोनारांचा लाल रूज, हा जुना आणि सौम्य. पूर्वी तो हिराकस भाजून बनवत. आच बेताची असेल तर मऊ लाल पूड मिळे. आच वाढवली की जांभळट, अधिक कठीण व भरड पूड होई, तिला युरोपात क्रोकस म्हणत. लोह ऑक्साइडचे काठिण्य साधारण सहा, म्हणजे कठीण केलेल्या पोलादाच्या जवळपासच. त्यामुळे तो धातू काढण्यापेक्षा चकाकवण्याचे काम अधिक करतो, सावकाश करतो आणि हाताच्या चुका पोटात घालतो. ज्यांची त्वचा नाजूक आहे, ज्यांना क्रोमियम ऑक्साइडनंतर गाल चुरचुरतात, त्यांनी त्यानंतर रूजचे दहा-पंधरा फटके मारून पाहावेत. पुष्कळांना तेवढ्याने फरक पडतो.

हिरा सर्वांत कठीण. एक, अर्धा, पाव आणि एक दशांश मायक्रॉन अशा आकारांत त्याची पेस्ट किंवा फवारा मिळतो. हिऱ्याने येणारी धार अत्यंत तीक्ष्ण असते. ती करकरीत, काहीशी निर्दय असते अशी तक्रारही अनुभवी वापरणारे करतात. साध्या कार्बन पोलादाच्या पात्याला त्याची गरज पडत नाही. व्हॅनेडियमसारख्या मिश्रधातूंच्या पोलादात अत्यंत कठीण कार्बाइडचे कण असतात. भोवतालचे पोलाद झिजते आणि कार्बाइड तसेच राहतात. अशा पात्यांना हिरा किंवा क्युबिक बोरॉन नायट्राइड योग्य. हिरा वापरायचाच असेल तर पाव मायक्रॉनपासून आरंभ करावा आणि पाच-सहा फटक्यांवर थांबावे. सेरियम ऑक्साइड हा काच व दुर्बिणीचे आरसे घासणाऱ्यांचा पदार्थ. वस्तऱ्याला चालतो, पण मुद्दाम शोधत जाण्यासारखा नाही.

ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे कुरुंदच. संस्कृतातल्या कुरुविंदाचा तमिळ भाऊबंद ‘कुरुंदम्’ इंग्रजीत शिरला आणि त्यातून या खनिजाचे शास्त्रीय नाव पडले. त्याचे काठिण्य नऊ. बारीक व वर्गीकृत मिळाला तर तो उत्तम काम देतो, परंतु बाजारात मिळणाऱ्या बहुतेक वड्या भांडी व यंत्रभाग चकाकवण्यासाठी असल्याने वस्तऱ्याला भरड पडतात.

जाहिरातींचा जुना धंदा

लेपाभोवतीचे चमत्काराचे वलय आजचे नाही. लंडनच्या जॉर्ज पॅकवुडने १७९०च्या दशकात आपल्या पट्ट्याच्या व पेस्टच्या इतक्या जाहिराती वर्तमानपत्रांत दिल्या, की १७९६ मध्ये त्या संकलित करून त्याने पुस्तकच काढले. पद्ये, संवाद, कोडी असे सर्व प्रकार त्याने दाढीच्या पेस्टसाठी राबवले. पुढच्या शतकात जॉन जोसेफ मेची याने ‘मॅजिक स्ट्रॉप’ विकून मोठी संपत्ती मिळवली. क्रिमियन युद्धानंतर इंग्लंडात दाढी राखण्याची टूम निघाली आणि त्याचा हा धंदा बसला. पट्ट्याच्या जादूला ग्राहकांच्या दाढ्याच आडव्या आल्या! आजच्या वेष्टनांवरील ‘प्रोफेशनल’, ‘अल्ट्रा’ ही विशेषणे त्याच परंपरेतील असून त्यांना पॅकवुडच्या पद्यांइतकेच महत्त्व द्यावे.

वापर

लेपासाठी वेगळा पट्टा असलाच पाहिजे, आणि प्रत्येक लेपासाठी वेगळा. एकदा घर्षक शिरलेले चामडे पूर्ण स्वच्छ होत नाही. त्यावर बारीक लेप लावला तरी आधीचे भरड कण आपले काम करत राहतात. टांगलेल्या पट्ट्यापेक्षा लाकडी फळीवर चिकटवलेला पट्टा लेपासाठी बरा, कारण तो झोल खात नाही आणि उतार गोलावण्याचा वेग कमी होतो. चामडे घरात नको असेल तर विमानांच्या प्रतिकृती करणारे वापरतात ते बाल्सा लाकूड उत्तम. ते सपाट, मऊ आणि कण धरून ठेवणारे असते. जाड सुती किंवा लिननचे कापड ताणून फळीवर लावले तरी चालते. वर्तमानपत्राच्या कागदाची घडी सपाट फळीवर ठेवून तिच्यावर वस्तरा परजण्याची जुनी युक्तीही निरर्थक नाही. कागदातील खनिज भरण आणि शाईतील काजळी हे अतिशय सौम्य घर्षकच आहेत. अर्थात त्यासाठी छापील अंक लागतो.

लेप किती लावावा, याचे उत्तर नेहमी कल्पनेपेक्षा कमी असते. वडी खडूसारखी दोन-चार रेघांत ओढावी आणि बोटाने पसरावी. चामड्याचा मूळ रंग खालून दिसत राहिला पाहिजे. जाड थर धारेपुढे ढिगासारखा साचतो आणि टोक गोल करतो. वस्तरा पाठीकडून ओढावा, धार मागे असावी. टोकाशी पोहोचल्यावर पाते उचलून न उलटता पाठीवरच वळवावे, म्हणजे धार पट्ट्यात शिरत नाही. दाब पात्याच्या वजनाएवढाच. क्रोमियम ऑक्साइडवर जाऊन-येऊन दहा फटके झाले की पाते पुसावे, कोऱ्या कापडावर वीसेक व कोऱ्या चामड्यावर चाळीस-पन्नास फटके मारावेत आणि दाढी करून पाहावी. अजून ओढत असेल तर आणखी दहा. तिसऱ्या दहांनंतरही सुधारणा नसेल तर दोष लेपाचा नसून उताराचा आहे असे समजून दगडाकडे जावे.

नव्या वस्तऱ्याच्या बाबतीतही हाच विवेक. तो दाढीयोग्य धार लावून आला असेल, तर पहिले काही महिने त्याला लेपाचा स्पर्शही नको. कोरा पट्टा पुरे. कारखान्याची धार अपुरी असेल तर ती आधी दगडावर पूर्ण करून घ्यावी. लेप काढावा तो धार हळूहळू मंदावते तेव्हा. ती एकाएकी बिघडली तर आधी खाच किंवा गंज शोधावा.

घरगुती पर्यायांपैकी गॅरेजमधील व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट सर्वथा वर्ज्य. तिच्यातील कण दहा-दहा मायक्रॉनांहून मोठे असतात आणि एका फटक्यात धार करवतीसारखी होते. पितळ उजळण्याच्या द्रवातील कणांचा आकार वेष्टनावर दिलेला नसतो, म्हणून त्यालाही वस्तऱ्यापासून दूर ठेवावे. टूथपेस्टच्या पाण्याने चामडे कडक होते व पाते गंजते. दातांसाठी ती ठीक आहे.

वस्तरा आणि पट्टा दोन्ही एकाच माणसाचे असावेत. पाते उकळत्या पाण्यातून किंवा स्पिरिटमधून काढता येते, पण रक्ताचा अंश लागलेला चामड्याचा पट्टा निर्जंतुक करता येत नाही; हिपॅटायटिस बी-सारखे विषाणू शरीराबाहेर कित्येक दिवस टिकतात. भावाभावांत किंवा बापलेकांतही पट्टा सामाईक ठेवू नये.

पावसाळ्यात गोवा-कोकणच्या हवेत चामड्यावर बुरशी येते आणि लेपातील मेण चिकट होते. पट्टा न्हाणीघरात टांगू नये, उजेडाच्या व वाऱ्याच्या जागी ठेवावा. बुरशी आलीच तर कोरड्या कापडाने पुसून लेप पातळ पात्याने खरवडून काढावा व नवा लावावा. दाढीनंतर पाते पुसून, दोन्ही बाजूंनी कोऱ्या चामड्यावर चार फटके मारून धारेवर शिलाई यंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. खोबरेल काही दिवसांनी खवट होते. प्रत्येक पट्ट्याच्या मागे पदार्थाचे नाव, कणाचा आकार आणि लेप लावल्याची तारीख लिहून ठेवावी. सहा महिन्यांनंतर नुसता हिरवा डाग पाहून काहीही आठवत नाही.